बाबागाडीतली ढेप

आमच्या आळीनं एकदा गुळाच्या ढेपेला ओवाळून घरात घेतलं. त्यात ढेपेची काही चूक नव्हती.

माझी धाकटी बहीण तेजू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि भाचीबाईंनी यायची फारच घाई केली. तेव्हापासून भाची बारामतीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत, तेजू त्या पेटीशेजारी आणि आई घरी देवापुढं. दोन किलो वजन भरलं की घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले होते. पोरगी सोळाशे ग्रॅमवर अडली होती. रोज सकाळी मी फोनवर तेजूला आकडा विचारायचो, तेव्हा तो कानावर पडू नये म्हणून आई मोठ्यानं भांडी घासायची. मी फोन ठेवला की मात्र विचारायचीच.

पोर उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय तिच्या नावानं टोपडंसुद्धा आणायचं नाही, असा आईचा हुकूम होता. मी मामा. मला काहीच करता येत नव्हतं, आणि काही करता येत नसलं की मी खरेदी करतो (बायको याला आजार म्हणते). अठराव्या दिवशी दवाखान्यात डबा देऊन मी निघालो तो सरळ बाबागाड्यांच्या दुकानात.

माझा धंदा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा. रिकामी मोटार फिरली म्हणून आमच्यात तिला कुणी चांगली म्हणत नाही. लोड टाकून बघावी लागते. दुकानदारानं छत्रीवाली, गाणं वाजवणारी, मोबाइल ठेवायला खोबण असलेली, अशा सगळ्या गाड्या दाखवल्या. मी प्रत्येकीचं चाक फिरवून बेअरिंगला कान लावला आणि वजन टाकून बघायचं म्हणालो. किती, असं त्यानं विचारल्यावर तोंडातून दोन किलोच निघालं. समोरच्या किराणा दुकानातून बरोबर दोन किलोची गुळाची ढेप आणली, सीटला चिकटू नये म्हणून एक दुपटं विकत घेऊन त्यात गुंडाळली. पहिल्या तीन गाड्या वजनानं उजवीकडं ओढत होत्या. चौथी सरळ चालली. तीच घेतली.

गाडी मिटायची कशी हे दुकानदारानं दोनदा दाखवलं होतं. एसटी स्टँडवर मला ते एकदाही जमलं नाही. शेवटी उघडीच गाडी इंदापूरच्या एसटीत चढवली आणि रिकामी कलंडते म्हणून ढेप आत निजवली. लोकांनी न सांगता जागा दिली. एका आजोबांनी वारं लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली. पुढच्या सीटवरून आमच्या शेजारच्या सुमनकाकूंनी वळून बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "झोपलीय व्हय?"

आता भरल्या एसटीत मी काय सांगणार, की ही ढेप आहे आणि मी तिला दुपट्यात गुंडाळलंय? मी मान डोलावली.

तेजू कुठं हाय, काकूंनी विचारलं. मागनं येतीया, मी म्हणालो. (खोटं नव्हतं. कधीतरी येणारच होती!) मग काकू कुणाला तरी फोन करून कुजबुजत बसल्या, आणि माझं लक्ष गाडीच्या ब्रेकवर होतं.

गाडी गुपचूप माझ्या दुकानात लपवायची, असा बेत होता. पण गावात उतरलो तर थांब्यावर आळीतल्या चार बायका हजर. एकीनं दांडा माझ्या हातातून काढूनच घेतला. "अहो, ऐका तर," मी म्हणालो. "हळू बोल, उठंल ती," असं म्हणून त्या चालायला लागल्या. वाटेत मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा मला गप्प केलं.

दारात आई उभी होती. हातात ताट, भाकरीचा तुकडा, पाण्याचा तांब्या. अठरा दिवसांत तिनं पहिल्यांदा केस नीट विंचरले होते. मी "आई" म्हणालो, तर तिनं डोळ्यांनीच थांबवलं. तुकडा ओवाळून टाकला, पाणी टाकलं, डोळे पुसले आणि दुपटं बाजूला केलं.

सगळ्याजणी वाकून ढेपेकडं बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोर कुठाय?" आईनं विचारलं.

"पेटीतच हाय. बरी हाय. ही... दोन किलो हाय. गाडी वजन टाकून बघायची होती."

आई पायरीवर बसली. आता तांब्या डोक्यात बसणार, म्हणून मी मान खाली घातली. पण तिनं ढेप दुपट्यासकट उचलून मांडीवर घेतली. नातीला तिनं फक्त काचेतून बघितलं होतं, हातात अजून एकदाही घेतलं नव्हतं. कितीतरी वेळ ती नुसता अंदाज घेत राहिली.

"एवढी व्हायला पायजे तर," ती म्हणाली. "म्हंजी लई न्हाय. चारशे ग्रॅम राहिलं."

मग तिनं ढेप सुमनकाकूंकडं दिली. काकूंनी पुढच्या बाईकडं दिली. अशी ती सगळ्या आळीच्या हातांतून फिरली, आणि देताना प्रत्येक बाई डोक्याखाली हात धरत होती. ढेपेला डोकं नसतं, हे बोलायची माझी हिंमत झाली नाही. मीही घेतली. डोक्याखाली हात धरूनच.

बारा दिवसांनी भाची दोन किलो वीस ग्रॅमची होऊन घरी आली. दारात पुन्हा सगळ्या जमल्या. आई ताट घेऊन उभी होती, पण तिचा हात हलेना. शेवटी सुमनकाकू पुढं झाल्या, तेजूच्या कुशीतलं दुपटं दोन बोटांनी उचललं आणि वाकून आत निरखून बघितलं. भाचीनं जांभई दिली.

"हाय," काकू म्हणाल्या. "पोरच हाय. ओवाळ आता."

मी शेजारीच उभा होतो. सख्खा मामा. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.