नाक्याच्या आत मोटर बंद

रहीमभाईच्या मोटरीत जागा कधीच नसायची, तरी वाटेत हात दाखवणारा कोणी मागे राहत नसे. तिच्या किश्शांचंही तसंच. एक सांगून उतरवावा, तर दोन चढून बसतात! कोणी तिला खटारा म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. माझी लेक तिच्यामुळं जिवंत आहे.

लढाईमुळं पेट्रोल कुपनावर आलं. बुलढाण्याच्या साहेबांना ते मिळे, आमच्या जानेफळला थेंब येत नसे. मग रहीमभाईनं मोटरीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवली. तिच्या गॅसवर मोटर चालायची. चालली तर.

*

आमच्या पाटलांची स्वतःची मोटर होती. कुपनं संपली, पण आता बैलगाडीत बसायची लाज वाटे. शेवटी त्यांनी मोटरीलाच बैल जुंपले! आपण आत चाक धरून बसले आणि वळणावर सवयीनं भोंगा वाजवला. बैल बुजले, मोटर कापसाच्या पऱ्हाटीत शिरली.

पाटलीणबाई मागच्या सीटवर होत्या. शांतपणे म्हणाल्या, "बैलायले रस्ता ठाव हाय. तुम्ही खाली उतरा."

*

रहीमभाईची मोटर चढावर हमखास थांबायची. मग सगळ्यांनी उतरून ढकलायची. एकदा बुलढाण्याच्या कचेरीतले एक कोटवाले कारकून उतरेचनात. म्हणे, मी तिकीट काढलंय.

मी म्हटलं, "मंग ते मोटरीले दाखवा. चढली तं आमी बी बसतो."

उतरले बापडे. पण ढकलताना कोट सांभाळून.

*

एकदा भट्टी धरेचना. उन्हं वर आली, पोटात कावळे. मी पिशवीतली वांगी काढून निखाऱ्यांवर ठेवली. रहीमभाई चिडला. "बाई, हे मोटर हाय का चूल?"

"चालून नाही राह्यली, तवर चूलच हाय."

पहिलं वांगं त्यानंच खाल्लं.

*

पुढं बुलढाण्यात हुकूम निघाला. पेटल्या भट्टीची मोटर नाक्याच्या आत आणायची नाही, धुराचा त्रास होतो. ज्यांना दवाखाना हाकेच्या अंतरावर, त्यांना धूरच दिसणार!

त्याच दिवसांत माझी लेक शेवंता अडली. मूल आडवं आलेलं. सुईणीनं हात टेकले, म्हणाली बुलढाण्याला न्या. रहीमभाईनं मागची सीट रिकामी करून तिला निजवलं. बाकीचे दाटीवाटीनं उभे राहिले. कोटवालेही होते, साहेबापुढं हजर व्हायला निघालेले.

नाक्यावर शिपायानं मोटर अडवली. टांगा एकही नव्हता. आत शेवंता कण्हत होती. शिपाई वाईट नव्हता. पण म्हणाला, "भट्टी पेटेल हाय, बाई. माही नोकरी जाईन."

रहीमभाई खाली उतरला, बादली घेतली आणि भट्टीवर ओतली. पुन्हा पेटवायची म्हणजे अर्धा दिवस गेला, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

मी शिपायाला विचारलं, "आता इझली. ढकलाले मनाई हाय का?"

त्यानं थोडा विचार केला. "तसं काई सांगतलं नाही."

सगळे खाली उतरले. कोटवाल्यांनी कोट काढून शेवंताच्या उशाला दिला आणि सगळ्यांच्या आधी मोटरीला खांदा लावला. शिपायानं काठी सीटखाली सरकवली नि तोही ढकलू लागला. भर बाजारातून मोटर थेट दवाखान्याच्या दारात!

नातीचं रडणं ऐकून मी बाहेर आले, तर एकही माणूस आपल्या कामाला गेला नव्हता. कोटवाल्यांनी विचारलं, "दोघं?"

"दोघी बऱ्या हायेत," मी म्हटलं.

रहीमभाईनं डोळे पुसले आणि भट्टी पेटवायला काडेपेटी काढली.

शिपायानं ती त्याच्या हातातून घेतली. "नाक्याच्या बाहेर, रहीमभाई. हुकूम हाय."

आणि पुन्हा मोटरीला खांदा लावला.