बोंबलांवरचं वादळ

हसणार नसाल तरच सांगतो. मी वारा मोजणारं रडार बनवतो. ते वर लहरी सोडतं, त्या परत आल्या की दीड-दोन किलोमीटरपर्यंतचा वारा कुठून कुठे चाललाय ते स्क्रीनवर दिसतं. म्हणजे दिसायला हवं!

आमच्या बोरीवलीत इमारतीच इमारती, मोकळं आकाश आणू कुठून? म्हणून चाचणीसाठी समुद्रकाठचं मनोरी गाव गाठलं. तिथल्या हिरामावशी कोळणीनं अंगण दिलं. अर्ध्या अंगणात तिचे बोंबील वाळत, अर्ध्यात माझं रडार, आणि मी पत्र्याच्या खोलीत स्क्रीनपुढे.

तिचा नवरा भिवाकाका सत्तरीतही होडी घेऊन समुद्रात जायचा. मावशीचा जीव टांगणीला. रोज मला विचारायची, आज वारा कसा? मीही मोठ्या तज्ज्ञाच्या थाटात सांगायचो. यंत्र अजून धड जुळलेलं नाही, हे कशाला बोला?

एकदा सकाळी नऊच्या सुमाराला स्क्रीन लालेलाल झाला. वारा सैरावैरा, क्षणात इकडे, क्षणात तिकडे! माझ्या तोंडचं पाणी पळालं. धावत जाऊन सांगितलं, काकांना सोडू नका. मावशीनं त्यांना होडीवरून अक्षरशः ओढून आणलं.

बाकीच्या होड्या गेल्या. तासाभरानंतरही माडाचं पान हलेना. काका ओट्यावर बसून लांब गेलेल्या होड्या बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी ते उठून खोलीत आले. स्क्रीन पाहिला, मग दाराबाहेर मान काढून वर पाहिलं.

"पोरा, तू सकाळपासून वर बघितलंस काय?"

खरं सांगू? नव्हतं बघितलं. आमच्या कामात आकाश स्क्रीनवरच बघायची सवय! बाहेर आलो तर बोंबलांवर घारी, कावळे आणि बगळ्यांची जत्रा घिरट्या घालत होती. माझ्या लहरी वाऱ्यावरून नाही, त्यांच्या पंखांवरून परत येत होत्या! काकांनी बोंबलांवर जाळं पसरलं, टाळ्या वाजवून सगळ्यांना हाकललं. पाच मिनिटांत माझं वादळ शमलं.

दुपारी माफी मागायला स्वयंपाकघरात गेलो. काका गरम भाकरी खात होते, मावशी शेजारी बसून वाढत होती. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, पण ऐन हंगामात तो दुपारी घरात जेवतोय असं पहिल्यांदाच घडलं, म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला गलबलून आलं.

मग तिनं हळूच विचारलं, "तुजी मशीन परत कवा चुकंल रं?"

म्हटलं, "मावशी, मी बनवलीय. फार वाट बघावी लागणार नाही."