लॉकच्या आत राहिलेली एक ओळ

गेल्या रविवारपर्यंत ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. आईला नाही, नवऱ्याला नाही. सांगायचं ठरवून मी कितीदा तरी पद्माला फोन लावला — आणि मग भाजी काय केलीस, पाऊस आहे का तिकडं, एवढंच विचारून ठेवून दिला. आत्ता लिहितानाही बघा, सरळ मुद्द्यावर येववत नाही. आधी पद्माबद्दल सांगू दे.

पद्मा आणि मी बेळगावात इंजिनिअरिंगला एका बाकावर बसायचो. मी बेळगावाजवळच्या हिंडलग्याची; वडील शेती सांभाळून शहरात नोकरी करायचे. ती निपाणीजवळच्या खेड्यातली, जैन शेतकऱ्याची मुलगी. वाक्य मराठीत सुरू करायची आणि भांडण रंगात आलं की कन्नडमध्ये संपवायची. होस्टेलच्या जेवणाला कंटाळून रविवारी आमच्याकडं यायची. चातुर्मासात ती कांदा-लसूण खात नाही म्हणून आई तिच्यासाठी आमटी वेगळी काढायची, आणि मग आम्ही घरातले सगळेच ती वेगळी आमटी संपवायचो. माझी अशी मैत्रीण त्याआधी नव्हती. नंतरही झाली नाही.

पुढं दोघींना बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, उद्यमबागेत, एकाच छोट्या कंपनीत नोकरी लागली. शेतीची यंत्रं बनवायची कंपनी. तिथं पद्मानं एक कल्पना मांडली. कडबा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये हात गेलेली माणसं तिनं लहानपणापासून बघितली होती. तिच्या सख्ख्या मावशीचा पंजा गेला होता. चारा आत ओढणारे रोलर माणसाचा हातही तसाच ओढतात. तर मनगटात चुंबकाचं एक कडं घालायचं, मशीनच्या तोंडाशी सेन्सर बसवायचे, आणि कडं ठरावीक रेषेच्या जवळ आलं की रोलर जागच्या जागी थांबायला पाहिजेत. सेन्सर आणि त्याचा बोर्ड तिनं केला. आत चालणारा प्रोग्राम मी लिहिला.

आता इथं थोडं कामाचं सांगावं लागेल. कठीण नाही. मी रस्ट नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिते. मशीनमधल्या छोट्या चिपवर अनेक कामं एकाच वेळी चालू असतात, आणि कुठलं जास्त महत्त्वाचं हे आपण ठरवून देतो. आमच्यात सगळ्यात वरचं काम होतं — हात जवळ आला की थांबव. सगळ्यात खालचं — मोटरचा वेग छोट्या स्क्रीनवर दाखव. दोन्ही कामांना मोटरची तीच माहिती लागायची. अशी सामाईक वस्तू वापरायची तर आधी तिला लॉक लावायचं, म्हणजे दोघं एकाच वेळी तिच्यात हात घालणार नाहीत. रस्टचा कंपायलर — आपण लिहिलेलं तपासून चिपला कळेल असं करणारा — यात फार कडक. लॉक नसेल तर तो प्रोग्राम तयारच होऊ देत नाही.

पण एक असतं. खालचं काम लॉक धरून बसलेलं असेल, तर तेवढा वेळ वरच्यालाही थांबावं लागतं. म्हणून लॉक घ्यायचं, हवा तो आकडा उचलायचा आणि लगेच सोडायचं. स्क्रीनवर काय लिहायचं ते नंतर, निवांत. मी काय केलं? स्क्रीनवर लिहायची ओळ लॉकच्या आतच ठेवली. चुकीचं आहे हे मला माहीत होतं — हो, माहीत होतं. संध्याकाळ झाली होती, कंटाळा आला होता, आणि कंपायलरनं काही तक्रार केली नव्हती. तो तरी का करेल? दोघांनी एकदम हात घालू नये हे तो बघतो. एकानं दुसऱ्याला किती वेळ ताटकळत ठेवावं, हे बघायचं काम माझं होतं. टेबलावर रोलर झटकन थांबत होते. नंतर करू म्हटलं.

पहिलं मशीन चाचणीसाठी पद्माच्याच घरी बसवायचं ठरलं. उन्हाळ्याचे दिवस होते. तिच्या वडिलांना, आप्पांना, इतका आनंद झाला होता की त्यांनी गोठ्यासमोरची जागा शेणानं सारवून घेतली होती — मशीनसाठी! शेजारपाजारचे बघायला आले. आप्पांनी कडं घातलं, मक्याची धाटं आत सारली आणि मग सगळ्यांकडं वळून हात मुद्दाम पुढं नेला. रोलर थांबले. लोक हसले. आप्पा म्हणाले, "माझ्या लेकीनं केलंय हे. बघा की!"

त्यांनी दोन-चारदा करून दाखवलं. दर वेळी थांबलं. मी मशीनच्या बाजूला उभी होते, आणि माझं लक्ष स्क्रीनकडं गेलं. आकडे हलत नव्हते. मशीन हादरून हादरून स्क्रीनची वायर सैल झाली असणार, असा विचार माझ्या मनात आला — आणि तेवढ्यात शेजारचे भीमाण्णा उशिरा आले. त्यांना दाखवायला आप्पांनी आणखी एकदा हात पुढं नेला.

या वेळी थांबलं नाही.

म्हणजे थांबलं — उशिरा. उजव्या हाताची दोन बोटं, पहिल्या पेरापर्यंत. पद्मानं धावत जाऊन स्विच पाडला तेव्हा कुठं रोलर थांबले. आप्पा ओरडलेसुद्धा नाहीत. हातावर टॉवेल गुंडाळून निपाणीच्या दवाखान्यात नेताना गाडीत तेच तिची समजूत काढत होते. "लई न्हाय लागलं गं. मीच हात जास्त घातलो आत. तू रडू नको."

त्यांनी मुळात हात का घातला होता? तिच्यावर विश्वास होता म्हणून. हे तिलाही कळत होतं. ती सबंध वाटभर माझा हात घट्ट धरून बसली होती आणि एकच बोलत होती — माझा सेन्सर चुकला, सुजे. माझा सेन्सर चुकला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. तोवर मलाही नक्की ठाऊक नव्हतं, असं म्हणता येईल. पण ते थांबलेले आकडे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

सोमवारी मी ऑफिसात लवकर गेले. दुसरं मशीन टेबलावर चालू केलं आणि स्क्रीनची वायर हातानं सैल केली. खालचं काम स्क्रीनच्या उत्तराची वाट बघत बसलं — लॉक धरून. मी कडं तोंडाशी नेलं. रोलर फिरतच राहिले. सेन्सरच्या बोर्डावरचा लाल दिवा मात्र लागला होता. पद्माच्या सेन्सरनं हात बघितला होता. त्यानं वेळेवर सांगितलंही होतं. ऐकणारं काम माझ्या त्या ओळीमुळं दाराबाहेर उभं होतं.

मी काय करायला हवं होतं हे तुम्हाला सांगायला नको. मी ती ओळ लॉकच्या बाहेर काढली. किती वेळ लागला असेल? चहा थंडसुद्धा झाला नव्हता. आणि मी गप्प बसले.

दुपारी बैठक झाली. साहेबांनी कुणावर आवाज चढवला नाही. म्हणाले, कुट्टीचा भुसा सेन्सरवर बसला असेल, त्याला चुंबक दिसलं नसेल. पद्मानं मान डोलावली. माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "प्रोग्रामचं काही?" मी म्हटलं, "तपासलं, ठीक आहे." आणि ते खरंच होतं, नाही का? त्या क्षणी प्रोग्राम ठीकच होता. सकाळीच मी तो ठीक केला होता. असली वाक्यं माणसाला किती सहज सुचतात!

पद्मानं पुढच्याच महिन्यात नोकरी सोडली. मशीनही कंपनीनं बाजूला ठेवलं. तिनं कुट्टी तर सोडाच, वायरला हात लावणंही सोडलं. चिकोडीच्या एका शाळेत गणित शिकवायला लागली. लग्न केलं नाही; आप्पांना सोडून जायचं नाही म्हणाली. घरातला फ्यूज उडाला तरी गावातल्या वायरमनला बोलवायची. एकदा मी तिथं असताना तिनं पेचकस कपाटातून काढून वायरमनच्या हातात दिला तो दांड्याकडून, लांब हात करून, विळी द्यावी तसा. कॉलेजात हीच मुलगी डोळे मिटून रेझिस्टर ओळखायची.

आणि मी? मला बढती मिळाली. नव्या मुलांना मीच शिकवते आता — लॉक थोडा वेळ धरा, आत स्क्रीन नको, वाट बघणं नको. पोरं म्हणतात, मॅडम या एका बाबतीत फार कडक आहेत.

तिच्याशी मैत्री तुटली असती तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटायचं. पण ती तुटली नाही. दर हंगामात आप्पा गूळ पाठवत राहिले. माझ्या लग्नाला दोघं आले. आप्पांनी त्याच हातानं माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या, अपुऱ्या बोटांतून निम्म्या खाली सांडल्या आणि ते स्वतःच हसले. त्याच दिवशी पद्मा मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू कधी एका शब्दानं मला बोलली न्हाईस, सुजे. दुसरी कोण असती तर बोलली असती." मी नटूनथटून उभी होते. मी तिला मिठी मारली. त्या मिठीबद्दल मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मग गेल्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. रानातल्या पंपाला वेळ लावायचं काही यंत्र पाहिजे होतं. त्यांनी पद्माला म्हटलं, विकत कशाला, तूच कर की. तर ती उठून आत गेली आणि सबंध दिवस जेवली नाही. आप्पा आता थकलेत. आवाज बारीक झालाय. ते म्हणाले, "पोरी, तुझं ऐकती ती. तिची चूक न्हवती म्हणून सांग तिला. खोटं का असंना, पण सांग. मी गेल्यावर तिनं हेच घेऊन बसायचं काय?"

खोटं का असंना! मी फोन ठेवला आणि जिन्यात बसून राहिले.

रविवारी निपाणीची बस धरली. पद्मा अंगणात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि बसता बसताच म्हटलं — उभी राहिले असते तर परत फिरले असते — तुझा सेन्सर चुकला नव्हता, माझा प्रोग्राम चुकला होता.

तिनं मान वर केली नाही. तांदूळ निवडतच म्हणाली, "आप्पांनी सांगितलं व्हय तुला असं म्हणायला?"

तिला ते माझ्या मायेचं खोटं वाटलं. कसं वाटणार नाही? मग मी सगळं सांगितलं. लॉक. आतली ओळ. सैल वायर. स्क्रीनची वाट बघत बसलेलं खालचं काम आणि बाहेर अडकलेलं वरचं. सोमवारी सकाळी लागलेला लाल दिवा. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, तिचे हात थांबलेत. गणिताची बाई नव्हती ती आता. कॉलेजातली पद्मा होती, डोळे बारीक करून ऐकणारी. तिनं एवढंच विचारलं, "त्या दिवशी स्क्रीन बंद पडलेली?"

"व्हय. आकडे थांबले होते. मी बघितलं होतं."

"आणि सोमवारी तुला कळलं."

"सोमवारी सकाळी."

ओरडेल असं वाटलं होतं. रडेल असंही वाटलं होतं. ती ताट बाजूला ठेवून उठली, घराच्या पुढच्या सोप्यात आप्पा पहुडले होते तिथं गेली, जमिनीवर बसली आणि त्यांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आप्पा," ती म्हणाली. "माझा सेन्सर बरोबर होता."

आप्पांना वाटलं, मी त्यांचं काम केलं. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली — लई उपकार झाले, अशी. मी मान हलवून नाही म्हटलं. मग बोलूनही सांगितलं, दारात उभी राहून. त्यांना ते किती कळलं कोण जाणे. पद्मा तेच पुन्हा म्हणाली, मग कन्नडमध्ये म्हणाली, मग रडायला लागली, आणि ते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. बघावं असं काही नव्हतंही. मी चपला घातल्या आणि फाट्यापर्यंत चालत आले.

पद्माचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही. ऑफिसात साहेबांना मात्र सांगितलं. ते म्हणाले, बघू.

कंटाळा, वय, भीती — यातलं काही पुढं करायचं नाही म्हणून हे लिहिलं. आप्पांची बोटं माझ्या हलगर्जीपणामुळं गेली. पद्माची एवढी वर्षं मात्र मी जाणूनबुजून घेतली.