मावशीचं दोन नंबरचं बटण

केबलवर 'अवजड' नावाची एक वाहिनी आहे. तिच्यावर दिवसभर क्रेनने जड वस्तू उचलतात आणि दुसरीकडे नेऊन ठेवतात. बाकी काही नाही. मधूनमधून पिळदार दंडांचा एक निवेदक येतो आणि ओरडतो, "काय मर्दांनो, आहात ना तयार?"

"आहे रे बाबा, कर सुरू," माझी मावशी सोफ्यावर मांडी ठीक करत म्हणते.

मावशीचं वय अडुसष्ट. तिने पुढच्या खोलीत तीस वर्षं पाळणाघर चालवलं. कमरेने राजीनामा दिला म्हणून बंद केलं, नाहीतर अजून चालवलं असतं. मी मागच्याच गल्लीत राहतो, त्यामुळे सकाळचा चहा तिच्याकडे. एकदा मी विचारलं, "मावशी, या क्रेनमध्ये तुला दिसतं तरी काय?"

"अरे, उचलायला कुणालाही येतं," ती म्हणाली. "ठेवताना खरी परीक्षा. झोपलेलं पोर खांद्यावरून गादीवर ठेवून बघ एकदा. ही माणसं एवढं लोखंड ठेवतात आणि ते जागं होत नाही! आणि वर बोलणं नाही, चालणं नाही. खालच्याने हात वर केला की वरचा थांबतो. माझ्या उभ्या संसारात मी हात वर केला आणि कुणी थांबलं, असं कधी झालंय?"

"मी थांबतो की," काका वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"तुम्ही मुळात निघालेलेच नसता."

काकांची वाहिनी वेगळी, परगावच्या हवामानाची. कुठल्याशा शहरात थंडीची लाट आली की काका इथे मफलर गुंडाळतात.

'अवजड'वरच्या जाहिराती अर्थात पुरुषांच्या. दाढीचा फेस, टायर, दंड फुगवायची पावडर. पण मावशी भिडस्त. एखाद्याचा कार्यक्रम रोज फुकट बघायचा आणि त्याचं काहीच घ्यायचं नाही, हे तिच्या जिवाला लागतं. म्हणून ती दाढीचा फेस आणते. काकांनी दाढी राखलेली आहे, त्यामुळे मावशी त्या फेसाने बेसिन घासते. बेसिन असं चकचकीत असतं, की पाहुणे हात धुवायला कचरतात.

अशा या घरात मोजणीवाल्या कंपनीने टीव्हीवर एक डबी बसवली. कोण काय बघतं ते म्हणे तिच्यातून कळतं. डबीला तीन बटणं. एक काकांचं, दोन मावशीचं, तीन त्यांच्या मुलाचं. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा. नोकरीवरून घरी फक्त झोपायला येतो, पण शिधापत्रिकेवर आहे म्हणून डबीवरही आला. मावशी टीव्हीसमोर बसली की आधी दोन नंबर दाबायची, हजेरी लावल्यासारखी.

काही दिवसांनी कंपनीचा एक तरुण साहेब दारात उभा राहिला. गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर संकोच.

"आजी, तुमची बटणं बहुतेक उलटसुलट झालीयत."

"आजी म्हणू नकोस. आमच्या पोराचं अजून लग्न व्हायचंय."

"सॉरी, मावशी. 'अवजड' तुमचा मुलगा बघतो ना?"

"तो घरी उशी बघतो. क्रेन मी बघते."

"तुमच्या वयाच्या बायका क्रेन बघत नाहीत हो. कॉम्प्युटर मानतच नाहीये."

"मग त्यालाच घेऊन ये. चहा ठेवते, समजावून सांगते."

साहेबाने आवाज खाली आणला. त्या वाहिनीला तरुण पुरुष हवेत, नाहीतर तिचं काही खरं नाही. तीन नंबर दाबलं तर सगळ्यांचीच सोय.

मावशी ताठ बसली. "हे बघ, गल्लीतली निम्मी पोरं माझ्या मांडीवर वाढली. कुठल्या कागदावर माझं नाव आहे? जनगणनेवाल्यानेही 'काही करत नाही' असं लिहून नेलं. आता कुठे एका ठिकाणी माझी मोजणी होतेय, तीही पुसू? मी दोनच दाबणार."

साहेब चहा पिऊन गेला. कॉम्प्युटरला ते मान्य करावं लागलं आणि तिथून सगळं बिघडलं. तिच्या वयाचा प्रेक्षक कंपनीच्या दप्तरी म्हणे ती एकटीच, त्यामुळे साऱ्या मुलुखातल्या अडुसष्ट वर्षांच्या बायकांची गणती मावशीवरून झाली. 'अवजड'ला वाटलं, घरोघरी आज्या क्रेनला खिळून बसल्यात!

महिन्याभरात पिळदार निवेदक गेला. त्याच्या जागी एक बाई आल्या, "माझ्या लाडक्या आयांनो" म्हणत. क्रेनला जांभळा रंग लागला. वर केबिनमध्ये सून, खाली हेल्मेट घातलेली सासू.

"सूनबाई, जरा डावीकडे!"

"आई, मला माझ्या पद्धतीने उचलू द्या!"

मग ढोल वाजायचे, कॅमेरा दोघींच्या तोंडावर आळीपाळीने जायचा, सून डोळे पुसायची. पुलाची भलीमोठी तुळई तशीच हवेत, आणि भाग संपला. उरलेलं उद्या. उद्याही तेच. मध्ये गुडघ्याचं तेल आणि कवळी चिकटवायची पेस्ट. मावशीचे सगळे दात शाबूत आहेत, तरी तिने एक ट्यूब आणलीच.

आठवडा झाला, तुळई हवेतच. मावशीचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी तिने वाहिनीला फोन लावला.

"बाळ, ती तुळई खाली ठेवा गं. माणसं उभी आहेत खाली."

"मावशी, तुमच्या वयाच्या प्रेक्षकांना कौटुंबिक ताण आवडतो," फोनवरची मुलगी म्हणाली.

"ताण घरात आहे की! टीव्हीवर कशाला?"

"दाब की तीन," काका मफलरमधून म्हणाले. मावशीने उठून टीव्ही बंद केला. दोन दिवस तिने टीव्हीच लावला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर मुलाला फोन केला.

"थोडे दिवस तुझं वय घेऊ का रे?"

"काय घेऊ?"

"वय. डबीसाठी."

"घे ना, आई. मला कुठे वापरायला वेळ आहे?"

मावशीने दोन नंबरवर क्षणभर बोट ठेवलं, मग उचलून तीनवर नेलं आणि दाबलं. पुढे रोज तीनच. हळूहळू सून गेली, सासू गेली, जांभळा रंग गेला. दंडवाला परत आला, ओरडला, आणि मावशीने त्याला ओ दिली.

परवा साहेब पुन्हा आला. या वेळी मान खाली, हातात फुलं.

"काका आहेत का? कळायला उशीर झाला. त्या... दोन नंबर... कधी गेल्या?"

दार मावशीनेच उघडलं होतं. "कोण गेलं?"

साहेब दचकून दाराला टेकला. कॉम्प्युटरने दोन नंबरला स्वर्गवासी ठरवलं होतं.

"बस, बस," मावशी वळली. "आत्ताच ठेवतायत."

पडद्यावर एक तुळई दोन खांबांवर उतरत होती. साहेब फुलं मांडीवर घेऊन तिच्या शेजारी टेकला. खाली पिवळ्या हेल्मेटवाल्याने हात वर केला. वरचा थांबला. बोटभर फट राहिली होती. काकांनीही पेपर खाली केला.

"बसली," साहेबाच्या तोंडून निघालं.

"बसली," मावशी म्हणाली आणि पाठ सैल सोडली.

थोड्या वेळाने साहेबाने खिसा चाचपून पेन काढलं. "मावशी, मग दोन नंबर... काढून टाकावं लागेल."

मावशीने डबीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तिथे दुसऱ्या तुळईला दोर बांधायला घेतले होते.

"काढ," ती म्हणाली. "पण मधे उभा राहू नकोस, दिसत नाही."