खिडकीवरचा एक आणा

औषधं बाटलीत मावतात, किस्से मावत नाहीत. गोंदियाच्या एका राइस मिलच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, इंग्रजांच्या राज्यात. मजुरांच्या पगारातून महिन्याला एक आणा कापायचा नि औषध फुकट, असा नियम नुकताच झाला होता. त्याआधी पेशंट यायचा तो खाटेवर, चौघांच्या खांद्यावरून! आता लोक आपल्या पायांनी येऊ लागले, आणि रांग पार फाटकापर्यंत!

*

पहिल्याच महिन्यात सोमाजी हमाल आला. चांगला धडधाकट गडी.

"काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही जी."

"मग आलास कायले?"

"आना कटला ना!"

डॉक्टरांनी हसून पोटाचं मिक्श्चर दिलं. सोमाजीनं एका घोटात संपवलं, तोंड वाकडं केलं नि म्हणाला, "कडू हाय. म्हंजे असली हाय!"

*

दुसरा एक गडी तापाचं औषध मागत होता. अंग थंडगार!

"ताप कुठाय?"

"आज नाही जी. उद्या सासुरवाडीले जाऊन राहिलो, सडक अर्जुनीले. तिथं आला तं? देऊनच ठेवा!"

*

मॅनेजर खवळले. "ये बीमार नहीं, मुफ्तखोर हैं!"

डॉक्टर म्हणाले, "साहेब, लवकर येतात, म्हणून तर खाटेवर येत नाहीत."

ऐकतो कोण? दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीवर पाटी लागली, 'हर बार का एक आना'. पगारातला आणा कापणं चालूच! दुसऱ्या दिवशी खिडकीवर चिटपाखरू नाही. मॅनेजर खूश. "देखा? एक आने में सब ठीक हो गए!"

मला असा संताप आला, की हातातली बाटली फेकावीशी वाटली.

*

मिलमध्ये उकडलेलं धान वाळवायला पटांगणात पसरून बाया ते पायांनी फिरवत. टाचा फाटायच्याच. भागरताबाईची भेग चिघळली, पाय सुजला. मी हळूच म्हटलं, "मागच्या दारानं या, ड्रेसिंग करून देतो. आणा राहू द्या."

"मागच्या दारानं काऊन? माहा आना कटला हाय. येईन तं खिडकीवरच येईन!"

लंगडत निघून गेली.

*

पाटी नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी सकाळी सगळ्या बाया काम सोडून खिडकीसमोर रांगेत उभ्या! सगळ्यांत पुढं भागरताबाई, पायाला फडकं. पटांगणात गरम धानाचे ढीग तसेच पडलेले. मॅनेजर धावत आले.

"अरे, धान फैलाओ! ऐसे ही पड़ा रहा तो सड़ जाएगा!"

भागरताबाई जागची हलली नाही.

"मंग त्यालेबी एक आना लावा जी, साहेब. आपोआप बरं होईल!"