पायाळू बाळंतपण

धुळ्याला शिकत असताना आमच्या विभागप्रमुख बाईंचा एक नियम होता. बाळ पायाळू येत असलं, की डॉक्टरने दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. ढुंगण आलं, पाय आले, तरी खांद्याची पाती दिसेपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. मध्येच ओढलं की त्याचे हात वर जातात आणि डोक्यामागे अडकतात. एकदा माझे हात पुढे आले, तेव्हा बाईंनी सगळ्यांदेखत अशी खरडपट्टी काढली की दोन दिवस मी मेसमध्ये जेवायला गेले नाही.

आता अमळनेरच्या माझ्या दवाखान्यात सोनोग्राफीत बाळ उलटं दिसलं, की सिझरची तारीख ठरते. ते योग्यच आहे, असं मी सगळ्यांना सांगते. पण जी विद्या मी मार खाऊन शिकावी तशी शिकले ती आता कोणालाच नको आहे, हे मनाला लागतं. बाई गेल्या, माझ्या बरोबरीचे पांगले. हे बोलायचं कोणाशी?

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी जवळच्या खेड्यातून तिसऱ्या खेपेची एक बाई रिक्षातून आली. बाळ पायाळू, आणि ढुंगण दिसायला लागलेलं. माझ्या हाताखालच्या डॉक्टर मुलीने सिझरसाठी भूल देणाऱ्यांना बोलवायला फोन उचलला. ही हुशार मुलगी, पण असं बाळंतपण तिने फक्त पुस्तकात पाहिलेलं. मी म्हटलं, "ठेव तो फोन. बघ, दाखवते तुला."

त्या "दाखवते"नेच घात केला. बाळाची नाडी चांगली होती, घाई कशाचीच नव्हती. पण मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती आणि काहीच न करता उभं राहणं मला जमेना. मी ओढलं. व्हायचं तेच झालं, एक हात मानेमागे गेला. तो सोडवताना बोटांखाली बारीकसा कट् आवाज झाला. जन्मलेली पोरगी रडली, गुलाबी झाली, पण तिच्या दंडाचं हाड मोडलं होतं.

बाहेर येऊन मी तिच्या आजीला सरळ सांगितलं, "आजी, हे माझ्या हातून झालंय. मी घाई केली."

आजीने माझाच हात धरला. "हाड ते जुडी जाई बाई. जीव शे ना, बठ्ठं शे. पोर पायाळू शे, गावनी उसण काढी!" पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीची उसण जाते, असं इकडे मानतात. आणि ती हसली. मला तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी त्या डॉक्टर मुलीला बसवून घेतलं. नेमकं कुठे चुकलं, कुठल्या क्षणी हात मागे ठेवायला हवे होते, हे टेबलावर बाळाच्या जागी उशी ठेवून समजावू लागले. तिने सगळं ऐकलं. मग फार मायेने म्हणाली, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही ओढलंत त्याचं काही नाही. आपण हे करायलाच नको होतं."

तिचं बरोबर होतं. मी उशी उचलून पलंगावर ठेवली आणि तिला घरी जायला सांगितलं.