फाट्यावरची सवारी

दत्तरावांनी मानवतकडची एसटी इतकी वर्षं चालवली, की रिटायर झाल्यावरही खुर्चीत बसले की त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधायचा. "पाय आवरा, चहा लवंडंल," असं कुसुमबाई रोज म्हणायच्या. फाट्यावर कुणी हात केला आणि दत्तरावांची गाडी तशीच पुढं गेली, असं तालुक्यात कुणी दाखवून द्यावं! उशीर केला म्हणून डेपोत त्यांनी बोलणी खाल्ली, पण सवारी सोडली नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत.

अशा माणसाला न हलणाऱ्या गाडीत बसवायची कामगिरी केली ती त्यांच्याच लेकीनं.

सुकेशनी परभणीबाहेरच्या एका नव्या विद्यापीठात, आभासी चित्रीकरणाच्या केंद्रात कामाला आहे. नाव भारदस्त असलं तरी काम सांगायला सोपं. मोठ्या दालनात जमिनीपासून छतापर्यंत एलईडीची भिंत आहे. तिच्यावर नदी लावा नाहीतर डोंगर लावा, पुढं माणूस उभा करा, कॅमेऱ्याला तो तिथंच असल्यासारखा दिसतो. शेजारच्या खोलीत डोळ्यांवर डबा चढवला की येलदरीचं धरण चहूबाजूंनी दिसतं. दत्तरावांनी तो एकदा चढवला आणि पाण्यात पडू नये म्हणून शेजारच्या प्राध्यापकांची बाही घट्ट धरून ठेवली.

तिथं शिकवणाऱ्या राजेश्री मॅडम एक छोटा चित्रपट करत होत्या. एसटी ड्रायव्हरचा नोकरीतला शेवटचा दिवस, संध्याकाळी तो रिकामी गाडी डेपोला नेतोय, एवढीच गोष्ट. पुण्याचा एक नट जवळजवळ ठरला होता. सुकेशनीनं मध्येच शब्द टाकला, "मॅडम, खरा ड्रायव्हर घ्या. माझे आप्पा घ्या. जबाबदारी माझी." भिंतीवरचं चित्र चालवायचं काम पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या हातात आलं होतं, त्यात हे ओझं तिनं आपणहून घेतलं. दत्तरावांना मात्र कसलंच ओझं वाटलं नाही. गाडी चालवायची म्हणजे काय नवीन, असं म्हणत ते इस्त्रीचा खाकी शर्ट घालून आले आणि सगळ्यांना खणखणीत जयभीम घातला.

दालनात जुन्या एसटीचं पुढचं तोंड तेवढं कापून ठेवलं होतं. विद्यार्थी खालून दांडा दाबून हादरे देऊ लागले आणि काचेपुढच्या भिंतीवर मानवतचा रस्ता धावू लागला. तो सुकेशनीनंच जीपवर कॅमेरा बांधून टिपून आणला होता.

दत्तराव झकास चालवत होते. मग फाटा आला. लिंबाखाली एक म्हातारी पिशवी घेऊन उभी, हात वर केलेला. त्या दिवशी तिनं कॅमेऱ्याच्या जीपलाच हात केला होता आणि ती तशीच चित्रात आली होती. दत्तरावांचा पाय सरळ ब्रेकवर गेला, मान दाराकडं वळली. भिंतीवरचा रस्ता आपला पळतच राहिला.

"कट!"

पुन्हा रस्ता लावला, पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही झालं तेव्हा विद्यार्थी तोंड दाबून हसायला लागले.

"काका, ती बाई इथं नाही. चित्र आहे ते," राजेश्री मॅडम म्हणाल्या.

"मला म्हाईत हाय हो मॅडम. पायाला सांगा. गाडी खाली अन् म्हातारी हात करायली. म्होरं जायचं कसं?"

मॅडमनी सुकेशनीला विचारलं, "पुसता येईल तिला?"

"येईल, पण आज होणार नाही." आणि उद्यापासून दालन दुसऱ्यांना दिलेलं होतं.

"मग अजून एकदाच बघू. नाही जमलं तर पुढच्या वेळी पुण्याच्या नटाला बोलवावं लागेल," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पण सुकेशनीची मान खाली गेलेली दत्तरावांनी आरशात पाहिली. आपल्या पायापायी लेक तोंडघशी पडायची वेळ आली, हे त्यांना लागलं.

"लाव रस्ता," ते म्हणाले.

फाटा आला. दत्तरावांनी दात आवळले, नजर समोर रोखली, पाय उचललाच नाही. म्हातारी बाजूनं निघून गेली.

"ओके! छान!" मॅडमनी टाळी वाजवली. दत्तरावांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

सुकेशनी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर त्यांचा चेहरा बघत होती. लहानपणी या थांबण्यापायीच आप्पा उशिरा घरी यायचे आणि ती जेवणावर फुगून बसायची. आता तिला भडभडून आलं.

"मॅडम, अजून एकदा."

"अगं, चांगला झालाय की!"

"झालाय. पण हे माझे आप्पा नाहीत."

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

फाटा आला. दत्तरावांचा पाय पुन्हा ब्रेककडं गेला, आणि त्याच क्षणी सुकेशनीनं रस्त्याचा वेग कमी करायला घेतला. पाय दबत गेला तसा रस्ता मंद होत गेला. लिंब हळूहळू जवळ आला आणि दाराशी थांबला. पोरांनीही दांडा दाबायचा थांबवला.

दत्तरावांनी भिंतीकडं पाहिलं. म्हातारी हात वर करून समोर उभी होती.

"या मावशी, बसा. गाडी खालीच हाय," ते म्हणाले.

कट म्हणायचं मॅडमना सुचलंच नाही. थोड्या वेळानं डोळे टिपत त्या एवढंच म्हणाल्या, "हाच ठेवायचा."

दत्तराव ऐटीत खाली उतरले आणि लेकीपाशी गेले. तिचे डोळे भरले होते.

"आप्पा, त्या दिशी ती मावशी हात करायली होती, अन् मी जीप थांबू दिली न्हाई."

दत्तरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आज थांबलीस की, माय."